अर्जातलं तळं

"पहिले भागरताबाईले विचार. मंग लिही तुझा अर्ज."

सासूबाई कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या शिरा काढत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर मांडीवर पाट घेऊन अर्जाचा मसुदा करत होते. दाराबाहेर विहीर होती, म्हणून पर्णाच्या फ्रॉकचा बंद मी पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवला होता. ती तीन वर्षांची होती. अंगठा सोडायची माझी हिंमत नव्हती.

"तिची जमीन लागून आहे का आपल्याला?"

"ढिवराच्या बाईची कुठची जमीन?"

"मग पंचायतीत आहे ती?"

"नाई."

"मग तिला कशाला विचारायचं, आई?"

सासूबाईंनी पान उलटं केलं. "नको विचारू. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या."

मी हसले आणि विषयाच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं: खाजगी पाणथळ जागेत वन्यजीव तळे करण्यास ना हरकत मिळणेबाबत.

लग्न होऊन मी नागपूरहून गोंदियाकडच्या या गावात आले, तेव्हा वाटणीत आम्हाला आलेल्या शेतातला एक खोलगट तुकडा सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होता. गावतलाव भरला की सांडव्याचं पाणी त्या तुकड्यात येऊन पसरायचं, धान कुजायचं, आणि दिवाळीनंतर पाणी नाल्याला निघून गेलं की मागे नुसता चिखल उरायचा. माझे पती नितेश सकाळी मोटरसायकलवर गोंदियाला नोकरीला जायचे. मी आणि पर्णा मागे उरायचो.

पर्णा झाल्यापासून मला साप दिसायचे. नसलेल्या जागी. विहीर, ताप, गिळलेलं बटण, दुपारी अचानक लांबलेली तिची झोप. तिच्या नाकाशी बोट धरून मी श्वास तपासायची. अशा एका सकाळी तिला कडेवर घेऊन त्या तुकड्याच्या धुऱ्यावर, बांधावर गेले, तर पाण्यात दोन माणसं उभी होती. करड्या कपड्यातली, डोक्याला लाल फडकं बांधलेली. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यातल्या एकाने पंख उघडले.

सारस असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्याएवढे असतात हे माहीत नव्हतं. त्यांच्यामध्ये तांबूस रंगाचं एक पिल्लू होतं. एकाने पाण्यात चोच घालावी, काहीतरी काढावं, पिल्लापुढे धरावं. दुसऱ्याने तेवढा वेळ मान उंच करून चहूकडे पाहावं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घरी आल्यावर लक्षात आलं, एवढ्या वेळात मी पर्णाचा श्वास एकदाही तपासला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर नेहमीसारखं पाणी गेलं. पिल्लाला अजून उडता येत नव्हतं. कोरड्या चिखलातून कुत्री आत शिरली. मी धुऱ्यावरून ओरडत राहिले, ढेकळं फेकत राहिले. पुढे कितीतरी दिवस ती दोघं तिथंच उभी असायची, मध्ये एका पिल्लाची जागा सोडून.

तेव्हापासून मी नितेशच्या मागे लागले. तुकडा थोडा खोल करायचा, नाल्याकडची वाट बांधायची, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पाणी राहील. पण सांडव्याचं पाणी गावाचं. ते अडवायचं तर ग्रामसभेची मान्यता हवी. आणि घरात भाऊजी होते. नितेशचे थोरले भाऊ, खेमराजभाऊजी. त्यांना तिथं मुरूम टाकून धानाचं गोदाम बांधायचं होतं.

"शर्वरी, मी वाईट नाई बोलत," ते म्हणाले होते. "सभेनं हो म्हटलं तं ठेवा पाणी, मी एक शब्द नाई काढनार. नाई म्हटलं तं दिवाळी झाली का माझा मुरूम. पाखरं काय, दुसऱ्याच्या वावरात जातीन."

नितेशनी मान डोलावली. मीही डोलावली. माझ्यासमोर सरळ हिशेब होता: जमीन आमची, काम चांगलं, अर्ज शुद्ध भाषेत. नाही कोण म्हणणार?

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. झेंडावंदनाची बुंदी अजून लोकांच्या हातात होती. सरपंच डुलीचंदभाऊ माझा अर्ज मोठ्याने वाचू लागले आणि विषयाच्या ओळीतच अडखळले.

"हे वन्यजीव म्हंजे... वाघ?"

"नाही हो भाऊ. सारस. पाखरं."

"पन लिवलं तं वन्यजीव आहे."

"पानी ठेवलं का वाघ येतेच जी," मागून कोणीतरी म्हणालं. "त्यालेही तहान लागते."

"वाघ आला का फॉरेस्टवाले येतेत. आन फॉरेस्टवाले आले का वाघ बरा वाटते."

व्हरांडा हसला. मीही हसले आणि उठून उभी राहिले. कुंपण नाही, बोर्ड नाही, गाड्या नाहीत, एवढंच सांगितलं. गुरांना पाणी मिळेल का, एका म्हाताऱ्यांनी विचारलं. मिळेल. कपडे धुवाले? बायकांच्या बाजूने प्रश्न आला. एका कडेला धुवा. ढिवरांची जाळी? पिल्लू उडालं की टाका. भाऊजी खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनाही कळलं होतं वारं कुठं चाललंय ते.

"मंग करा हात वर," सरपंच म्हणाले.

हात वर जाऊ लागले. आणि बायकांच्या मागच्या रांगेतून एक बारीकशी म्हातारी उठली. कपाळावर गोंदण, हातात बुंदीचा द्रोण तसाच.

"तळं नाई पायजे," ती म्हणाली आणि खाली बसली.

वर गेलेले हात खाली आले. कोणी डोकं खाजवलं, कोणी टोपी नीट केली, जणू हात त्यासाठीच वर गेले होते. मी वाट पाहिली, कोणीतरी तिला कारण विचारेल. कोणी विचारलं नाही.

"विषय दोन ऑक्टोबरच्या सभेत घेऊ," डुलीचंदभाऊ म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

"भाऊ, पण का? एकट्या बाईनं..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तिनं नाई म्हटलं ना, बाई. तळ्याच्या गोष्टीत भागरताबाईवर हात वर नाई करत आम्ही."

घरी आल्यावर सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि त्या पुन्हा सूप घेऊन बसल्या. 

"सांगा ना आई, काय आहे?"

"मी नाई सांगनार. ज्याचं त्याच्या तोंडून ऐकावं."

दुसऱ्या दिवशी पर्णाला घेऊन मी ढिवर मोहल्ल्यात गेले. भागरताबाई अंगणात फाटकं जाळं पायाच्या बोटांत ताणून विणत होती. मला बस म्हणाली नाही. पण पर्णा जाळ्याकडे सरकली तशी तिने तिचं मनगट पटकन पकडलं, आणि मी बोलत होते तेवढा सगळा वेळ सोडलं नाही.

"नाव काय पोट्टीचं?"

"पर्णा."

"पन्ना," तिने नाव आपल्या तोंडात बसवून घेतलं. "पोहता येते का तुले, पन्ना?"

"तीन वर्षांची आहे ती, मावशी."

"मंग?"

"मी लक्ष ठेवते."

"सगळ्याच ठेवतेत."

"कुंपण घालीन, मावशी. तारेचं."

"पोट्टे तारेखालून जातेत. ढोर जात नाई, मानूस जात नाई. पोट्टेच जातेत." तिने दातांनी दोरा तोडला. "माहं काही तुझ्याशी वाकडं नाई, बाई. पाखराशी तं नाईच नाई. पन तळं नाई."

मी सारसांच्या पिल्लाचं सांगितलं. कुत्र्यांचंही. यंदा पुन्हा एक पिल्लू आहे आणि दिवाळीनंतर पाणी जाणार, हेही. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. बोटं चालू होती.

"एकदा पाहायला तरी या," मी शेवटी म्हणाले.

बोटं थांबली. "पाहाले येईन. हो म्हनाले नाई येनार, सांगून ठेवतो."

ती आली भादवा संपता संपता, एका सकाळी, न सांगता. धान पोटरीत आलं होतं. दव इतकं होतं की धुऱ्यावरून चालताना लुगड्याचा काठ ओला होऊन तिच्या पायांना चिकटत होता. भाऊजी आधीच तिथं होते, कमरेवर हात ठेवून; मुरमाच्या किती ट्रिपा लागतील ते पाहायला आले होते, त्यांनी लपवलं नाही. आम्ही चौघं धुऱ्यावर उभे राहिलो. माझा तळहात पर्णाच्या पाठीवर.

समोर कमळाची पानं, कमरेएवढं उंच गवत, आणि त्याच्या मधोमध ती दोघं. पिल्लू त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीचं झालं होतं. सूर्य झाडांच्या वर आला तसं धुकं पाण्यापासून सुटलं आणि तिघंही ढगात उभी आहेत असं दिसू लागलं. मग नराने मान मागे टाकली, चोच आभाळाकडे केली, पंख कोपरातून उचलले. मादीनेही. आणि दोघांनी एका श्वासात साद घातली.

मी तो आवाज आधी ऐकला होता, पण घराच्या ओसरीवरून. इथं तो छातीत घुमला. पर्णाच्या पाठीवरच्या माझ्या तळहाताला तो तिच्या बरगड्यांतून कळला. एकाची साद संपायच्या आत दुसऱ्याची त्यात मिसळत होती, कुठं जोड दिसत नव्हता. साद संपली आणि मादीने उडी घेतली. एवढं मोठं पाखरू, पाय सैल सोडून, सरळ वर. खाली येता येता तिने पंख पसरले, नर वाकला, फिरला, त्याने चोचीने गवताची काडी उडवली आणि तोही उडाला. दव, पाणी, ऊन सगळं त्यांच्या पंखांवरून उधळत होतं. पिल्लूही त्यांच्यामध्ये उड्या मारू लागलं, अजून पंख नसलेले खांदे हलवत.

"बाप्पा रे," भाऊजी हळूच म्हणाले. त्यांचे हात कमरेवरून कधीच खाली आले होते.

माझा हात माझ्या तोंडावर होता. म्हणजे तो पर्णाच्या पाठीवर नव्हता. हे मला कळलं तेव्हा ती पाण्यात होती.

ती पाखरांकडे चालली होती. पाणी तिच्या घोट्यांना, मग पोटऱ्यांना. फ्रॉकची कड ओली झाली. नाच थांबला. नराने तिच्याकडे तोंड केलं, पंख अर्धे उघडले आणि एक पाऊल पुढे टाकलं. तो तिच्या दुप्पट उंच होता.

"हलू नोको," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. "तू धावली तं तो चालून येईल. पोट्टी मंधात आहे."

मी हलले नाही. आयुष्यात इतकं कठीण काही केलेलं मला आठवत नाही. पर्णा मान वर करून त्याच्याकडे पाहत होती, देवळात उचलून धरलं की कळसाकडे पाहायची तशी. तो मान खाली करून तिच्याकडे पाहत होता. पिल्लू त्याच्या मागे. कोणीच काही करत नव्हतं.

माझ्या शेजारी भागरताबाई खाली वाकली होती. पाण्याच्या काठाशी, दोन्ही हात पुढे. आवाज अगदी साधा होता, जेवायला बोलवावं तसा.

"ये पन्ना. ये माय. पलट. हळू ये."

पर्णा वळली. पाय चिखलात रुतला, तिने तो उपसला. पुन्हा रुतला, पुन्हा उपसला. भागरताबाई पुढे जाऊन तिला उचलू शकली असती. तिने उचललं नाही. नुसती प्रत्येक पावलाकडे पाहत राहिली. पोटऱ्या दिसल्या, घोटे दिसले, आणि मग पर्णा तिच्या हातांत होती, गुडघ्यापर्यंत काळी, तोंडभर हसत. "मोठा आहे," एवढंच तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं.

पलीकडे नराने पंख मिटले. पिल्लू पाण्यातून चालत काठावर आलं आणि गवतात किडे टिपू लागलं.

भागरताबाई धुऱ्यावर बसली. पर्णाला मांडीवर घट्ट धरून. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"माहा नातू होता अंशुल. पाच वर्साचा. तिकडं टेकडीखाली शेततळं केलं होतं नं एकाने, काळ्या प्लास्टिकचं. तवाही सभेत असेच हात वर झाले होते. माहाही झाला होता." तिने पर्णाला आणखी जवळ ओढलं. "चप्पल गेली होती त्याची पान्यात. मी बकऱ्या घेऊन बाजूलेच होती. धावली. पन उतरू कुठून? चारी बाजूने खडी भित आन वरतून सरकं प्लास्टिक. त्याचे हात दिसत होते मले. चढे आन घसरे. चढे आन घसरे. पोहनारा मानूस येईपर्यंत..."

भाऊजींनी टोपी काढली होती. त्यांना हे माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. ते ऐकणारी मी एकटीच नवी होते.

भागरताबाईने पाण्याकडे हनुवटी केली. "तू कसं खोदनार? मशीन लावून? सरळ?"

"नाही, मावशी." "असंच. चारी बाजूंनी उतार ठेवूनच. उभी भिंत असली तर पिल्लालाही बाहेर येता येणार नाही. त्याला चालत आत जाता आलं पाहिजे आणि चालत बाहेर."

"प्लास्टिक?"

"अजिबात नाही."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग काठावर किडे टिपणाऱ्या पिल्लाकडे. मग स्वतःच्या मांडीवरच्या चिखलाच्या पायांकडे.

"मंग हे तळं कायचं?" ती म्हणाली. "हे तं बोडी आहे."

आमच्याकडे धानाच्या दोन बांधींमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, पाणी धरायची जी जुनी पसरट जागा असते, जिच्यात ढोरं, बायका, पोरं चालत उतरतात, तिला बोडी म्हणतात. लग्न झाल्यापासून हा शब्द मी रोज ऐकत होते. अर्जात लिहायला तो मला कच्चा वाटला असावा.

"बोडीले कोन नाई म्हन्ते?" भागरताबाई जवळजवळ रागावून म्हणाली. "बोडी लिहाव नं माय. तळं काऊन लिवलं?"

दोन ऑक्टोबरला डुलीचंदभाऊंनी नवा अर्ज वाचला. वन्यजीव हा शब्द त्यात नव्हता, तळे हा शब्दही नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी हात वर करा असं म्हटलं नाही. मागच्या रांगेकडे पाहिलं. सगळा व्हरांडा मागे वळला.

भागरताबाई उठली. "उतार चारी बाजूने. प्लास्टिक नाई. आन पिल्लू उडेपर्यंत कुत्रं हाकलाले मी बसीन."

"तू कुठं बसशील या वयात, मावशी?"

"तुह्या डोक्यावर बसू का मंग?"

हशा झाला आणि हात वर गेले. भाऊजींनी हात वर करून तो तसाच ठेवत विचारलं, "मंग माह्या मुरमाचं काय?" कोणीतरी म्हणालं, शाळेच्या रस्त्यावर टाक, पोट्टे चिखलातून येतेत. त्यांनी खरंच टाकला.

मशीन उन्हाळ्यात आलं. पण नाल्याकडची वाट गावाने सभेच्याच आठवड्यात मातीने बांधून घेतली, म्हणून त्या वर्षी दिवाळी गेली तरी पाणी तिथंच होतं. भागरताबाई काठी घेऊन रोज धुऱ्यावर. मी पर्णाला घेऊन तिच्या शेजारी. पर्णा काठावर चिखलात खेळायची आणि मी तिला खेळू द्यायची.

थंडी पडली आणि एका सकाळी नर-मादी वाऱ्याच्या दिशेने धावू लागली. त्यांच्यामागे पिल्लू. ते आता करडं झालं होतं, मानेवर थोडा तांबूस रंग उरला होता. आधी ती दोघं उचलली गेली. मग त्याचे पाय पाण्यावर दोनदा-तीनदा आपटले आणि मग आपटले नाहीत. तिघंही आमच्या डोक्यावरून गेली, इतकी खालून की पंखांचा वारा चेहऱ्याला लागला. मधलं पाखरू जरा वेडंवाकडं उडत होतं. भागरताबाई उठून उभी राहिली होती. तिने दोन्ही हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. ती तोंड उघडं टाकून आभाळाकडे पाहत होती, आणि पर्णा खालून तिच्या तोंडाकडे.

"गेलं," ती म्हणाली. "पाह्यलं का, पन्ना? आपल्या पायाने निंगालं आन गेलं."

नितेशची बदली होऊन आता आम्हाला अमरावतीला बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या, भाऊजी वर्षातून एकदा तांदूळ घेऊन येतात. सारस दर पावसाळ्यात येतात म्हणतात. भागरताबाईचं विचारलं तर म्हणतात, असते बसून, तिला काय होतंय. पण भाऊजी स्वतः आता गोंदियाला राहतात आणि शेत बटईने, वाट्याने कसायला दिलंय. तिच्याकडे फोन नाही. या वर्षी दिवाळीनंतर मी तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कोणी थंडीत गोंदियाकडे जाणारं असेल, तर सारसांची बोडी कुठं म्हणून विचारा, कोणीही दाखवेल. सकाळी जा. धुऱ्यावर एक बारीकशी म्हातारी काठी घेऊन बसलेली दिसेल. जवळ जाऊ नका, हाकही मारू नका. पिल्लू असेल तर पाखरं बिचकतात. लांबूनच हात वर करा. तीही करते.

तिने हात वर केला नाही, तर थोडं थांबून पुन्हा करा. तरीही नाही केला, तर मग पाखरं उडाली तरी उडू द्या. जवळ जा.